दोन स्प्रिंटच्या मध्ये मुलांना किती दम खाऊ द्यावा?

परळ_मैदान (धागाकर्ता)

नमस्कार. परळ आणि लालबाग भागातील बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना मी संध्याकाळी फुटबॉल शिकवतो. मुलांकडून वारंवार पूर्ण वेगाने धावून घेताना दोन धावांच्या मध्ये किती सेकंदांची विश्रांती द्यावी आणि ती कशाच्या आधारावर ठरवावी, या एकाच प्रश्नावर येथे सविस्तर चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे.

प्रश्न शरीरशास्त्राचा असला तरी मुंबईत त्याचे उत्तर बहुतेक वेळा टर्फच्या (कृत्रिम गवताच्या मैदानाच्या) भाड्यावरून ठरते. टर्फ तासाच्या हिशेबाने मिळते, त्या एका तासात सोळा-अठरा मुले असतात, जाळीबाहेर पालक उभे असतात, आणि मुले काही क्षण नुसती उभी दिसली की पैसे वाया चालले असे त्यांना वाटू लागते. मग प्रशिक्षक शिट्टीमागून शिट्टी वाजवतो, मूल परत येऊन वळते न वळते तोच त्याला पुन्हा पळवतो, आणि दहा मिनिटांत सगळे घामाघूम झाले की उत्तम सराव झाला असे सर्वांचेच मत पडते. माझ्या मते अशा सरावात वेगाचा अभ्यास पहिल्या दोन-तीन धावांपुरताच होतो. त्यानंतर मुले थकलेल्या पायांनी, आखूड पावले टाकत, मान मागे टाकून धावतात आणि शरीराला तीच सवय लागते.

यामागचे कारण थोडक्यात मांडतो. पूर्ण ताकदीने धावताना पहिल्या काही सेकंदांत स्नायूंना लागणारी ऊर्जा मुख्यतः दोन ठिकाणांहून येते : स्नायूतच साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिन या झटपट ऊर्जा देणाऱ्या पदार्थातून आणि प्राणवायूशिवाय होणाऱ्या ग्लायकोजेनच्या (स्नायूत साठलेल्या साखरेच्या) विघटनातून. फॉस्फोक्रिएटिनचा साठा लहान असतो आणि सहा सेकंदांच्या एकाच जोरकस प्रयत्नात त्यातला सुमारे निम्मा खर्च होऊ शकतो. तो पुन्हा भरण्याचे काम प्राणवायूच्या आधाराने चालते, म्हणूनच धाव संपल्यावरही छाती भात्यासारखी हलत राहते. हा साठा भरण्याचा वेग सुरुवातीपासून अखेरपर्यंत सारखा नसतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात बराचसा भाग भरून निघतो, पण उरलेला भाग पुरा होण्यास तीन ते पाच मिनिटे, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो.

स्वीडनमधील संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ४० मीटरची धाव १५ वेळा घेतली होती. एकदा दोन धावांमध्ये १२० सेकंदांची विश्रांती, एकदा ६० सेकंदांची आणि एकदा ३० सेकंदांची. अंतर तेच, धावांची संख्या तीच, तरीही ३० सेकंदांच्या विश्रांतीत धावेला लागणारा वेळ सर्वाधिक वाढत गेला आणि १२० सेकंदांच्या विश्रांतीत घसरण फारच थोडी झाली. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या सायकलवरील दुसऱ्या प्रयोगात सहा सेकंदांचे दहा जोरकस प्रयत्न ३० सेकंदांच्या अंतराने करून घेतले, तेव्हा दहाव्या प्रयत्नातील सरासरी शक्ती पहिल्याच्या सुमारे ७३ टक्क्यांवर आली होती आणि ग्लायकोजेनच्या विघटनातून मिळणारा वाटा अगदी कमी झाला होता.

विश्रांती अपुरी पडत आहे हे मुले शब्दांत सांगत नाहीत, परंतु लक्ष दिले तर दिसते. तिसऱ्या-चौथ्या धावेनंतर एखाद्या मुलाची बुटाची लेस सुटू लागते. तो रांगेच्या टोकाशी बसून ती सावकाश बांधतो आणि दोन-तीन जणांना पुढे जाऊ देतो. दुसरा मुलगा परत येताना कोनला (खुणेसाठी ठेवलेल्या शंकूला) वळसा घालून लांबून चालत येतो. काही प्रशिक्षक याला कामचुकारपणा समजून ओरडतात. मला ते मुलाच्या शरीराने स्वतःहून मागितलेले वीस सेकंद वाटतात, आणि तिथे ओरडण्यापेक्षा घड्याळ पाहणे योग्य ठरते.

आपापले अनुभव आणि मतभेद कृपया मोकळेपणाने मांडावेत.

आझाद_विंग

विषय महत्त्वाचा आहे, पण निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही. शाळेच्या संघाकडून आझाद मैदानावर उजव्या बगलेने खेळत असताना मला कोणी कधी साठ सेकंद मोजून दिले नव्हते. चेंडू गेला की पाठीमागे धावावे लागते, परत मिळाला की पुन्हा पुढे धावावे लागते, आणि नेमक्या त्याच दुसऱ्या-तिसऱ्या धावेत गोल होतो किंवा खावा लागतो. सरावात मुलांना भरपूर विश्रांतीची सवय लावली, तर सामन्यात दम लागलेला असताना धावण्याची तयारी होणार कधी? शिवाय थकव्यातही नेटाने धावण्याची एक मानसिक बाजू असते. ती केवळ ताज्या पायांनी धावून तयार होत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

परळ_मैदान

आझाद_विंग, आपला आक्षेप योग्य आहे आणि तो बहुतेक प्रशिक्षकांच्या मनात असतो, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

पहिली गोष्ट सामन्याच्या स्वरूपाची. मोठ्या वयाच्या खेळाडूंच्या सामन्यांचे जे निरीक्षण झाले आहे, त्यानुसार पूर्ण वेगाची धाव साधारणतः दोन ते चार सेकंदांची असते, अंतर बहुधा दहा-वीस मीटरचे असते, आणि अशा दोन धावांमध्ये सरासरी दीड मिनिटाच्या आसपास वेळ जातो. त्या दीड मिनिटात खेळाडू चालतो, हळू धावतो, जागा बदलतो, थ्रो-इनची वाट पाहतो. आपण म्हणता तशा लागोपाठच्या तीन-चार धावा होतात, पण सामन्यात त्यांचे प्रमाण फार कमी असते. त्या निर्णायक ठरू शकतात हे मान्य आहे. म्हणून त्यांचा सराव हवा, पण वेगळा आणि थोडा हवा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. विश्रांती बदलली की सरावाचा हेतूच बदलतो. वीस मीटरच्या धावेनंतर दीड-दोन मिनिटे दिली तर मुलाचा वेग वाढतो. जुने धावण्याचे प्रशिक्षक दर दहा मीटरला एक मिनिट, असा ढोबळ हिशेब ठेवतात तो यासाठीच. तीच धाव वीस-पंचवीस सेकंदांच्या विश्रांतीने घेतली तर वेग टिकवण्याची क्षमता आणि दमसास यांवर ताण येतो. दोन्ही सराव उपयोगी आहेत. माझी तक्रार अशी आहे की आपल्याकडे दुसरा प्रकार घेतला जातो आणि त्याला वेगाचा सराव असे नाव दिले जाते. ज्या मुलाचा मूळ वेगच वाढलेला नाही, त्याने तो कमी वेग सहा धावांपर्यंत टिकवला तरी बचावपटू त्याला सहज गाठतो.

शरीरक्रिया_शीव

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे एक मुद्दा जोडणे आवश्यक वाटते. वर उल्लेखलेले दोन्ही प्रयोग प्रौढांवर झालेले आहेत, आणि मुले म्हणजे लहान आकाराचे प्रौढ नव्हेत.

फ्रान्समधील संशोधकांनी २००२ मध्ये तीन गटांची तुलना केली होती : वयात न आलेली मुले, वयात येत असलेले किशोर आणि तरुण पुरुष. सर्वांनी सायकलवर दहा सेकंदांचे दहा जोरकस प्रयत्न केले आणि मधली विश्रांती ३० सेकंद, एक मिनिट व पाच मिनिटे अशी बदलण्यात आली. लहान मुलांनी केवळ ३० सेकंदांच्या विश्रांतीतही आपली शक्ती जवळपास टिकवून धरली. किशोरांची आणि तरुणांची शक्ती ३० सेकंदांत स्पष्टपणे घसरली, एक मिनिट देऊनही ती पुरती सावरली नाही, आणि पाच मिनिटांच्या विश्रांतीनेच ती टिकली.

याचे कारण मुले अधिक काटक असतात, एवढेच नाही. त्यांच्या स्नायूंचे वस्तुमान आणि निर्माण होणारी शक्ती कमी असते, त्यामुळे मुळात खर्चच कमी होतो. ग्लायकोजेनच्या विघटनावर त्यांची मदार कमी असल्याने स्नायूंतील आम्लता कमी वाढते. आणि प्राणवायूच्या मार्गाने होणारी ऊर्जानिर्मिती त्यांच्यात लवकर वेग घेत असल्यामुळे फॉस्फोक्रिएटिनही लवकर भरून येते. मूल वयात येऊ लागले की स्नायू वाढतात, धाव जलद होते, आणि त्याच धावेची भरपाई करण्यास लागणारा वेळही वाढतो.

याचा मैदानावरील अर्थ असा की चौदा वर्षांखालील एकाच संघात दोन अगदी वेगळ्या प्रकारची शरीरे उभी असतात. मुलांमध्ये उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास आणि मुलींमध्ये बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, पण दोन समवयस्कांत त्यात दोन-तीन वर्षांचा फरक सहज पडतो. ज्याला मिसरूड फुटले आहे आणि जो संघात सर्वांत वेगवान आहे, तोच तीस सेकंदांच्या विश्रांतीत सर्वांत आधी ढेपाळतो. त्याला आळशी ठरवले जाते, ते पाहून मला वाईट वाटते.

माहीमची_आई

सर, आणि शीवच्या ताई, दोघांचेही प्रतिसाद मी दोनदा वाचले. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि मुलगी तेरा वर्षांची. दोघे शिवाजी पार्काजवळ एकाच प्रशिक्षकाकडे जातात आणि एकाच रांगेत धावतात. मुलगी गेल्या वर्षभरात खूप उंच झाली आहे. पूर्वी ती भावाला हसत हसत मागे टाकत असे. आता पहिल्या धावेत पुढे असते, पण नंतर पाय जड झाले म्हणून सांगते. मी तिच्या खाण्यात काही कमी पडते आहे का, या काळजीत होते. मुलाची अडचण वेगळी आहे. धावण्याच्या दिवशी रात्री त्याची टाच दुखते. हे विश्रांतीशी संबंधित असू शकते का?

शरीरक्रिया_शीव

ताई, मुलीच्या बाबतीत आपण वर्णन केलेला बदल त्या वयात अपेक्षित आहे. ती बलवान होत आहे आणि तिला दोन धावांमध्ये भावापेक्षा अधिक वेळ लागणे स्वाभाविक आहे. तरीही मासिक पाळी सुरू झालेली असेल आणि ती एरवीही लवकर थकत असेल, तर एकदा हिमोग्लोबिन व लोहाची तपासणी करून घ्यावी. मधल्या विश्रांतीत जी भरपाई होते ती प्राणवायूवर अवलंबून असते आणि तो वाहून नेणारे रक्तच कमी पडले तर विश्रांती वाढवूनही पुरत नाही.

मुलाच्या टाचेचा प्रश्न दोन धावांमधल्या सेकंदांचा नाही. वाढीच्या वयात टाचेच्या मागील भागातील वाढीच्या पट्टीवर ताण येऊन दुखणे नेहमी आढळते, विशेषतः कडक पृष्ठभागावर स्टड (तळाला खुंट्या असलेले बूट) घालून वारंवार धावणाऱ्या मुलांत. त्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि दुखणे असेपर्यंत प्रशिक्षकांना सांगून त्याच्या धावांची संख्या कमी करावी.

मोजपट्टी

चर्चा विश्रांतीबद्दल आहे, पण विश्रांती पुरली की नाही हे मोजायचे कसे, यावरच अनेक ठिकाणी गफलत होते, म्हणून लिहितो.

सर्वत्र वापरली जाणारी चाचणी सोपी आहे : ठरावीक अंतराच्या सहा-सात धावा, मध्ये वीस-पंचवीस सेकंद. त्यावरून तीन आकडे मिळतात. सर्वोत्तम वेळ, सरासरी वेळ आणि घसरणीची टक्केवारी. घसरण काढण्यासाठी सर्व धावांच्या वेळेची बेरीज करायची, तिला सर्वोत्तम वेळ गुणिले धावांची संख्या याने भागायचे, एक वजा करायचा आणि शंभराने गुणायचे.

आता समजा, एका मुलाच्या ३० मीटरच्या सहा धावा ४.५०, ४.५८, ४.६८, ४.७९, ४.८९ आणि ४.९४ सेकंदांत झाल्या. दुसऱ्याच्या ४.९०, ४.९४, ४.९७, ५.००, ५.०२ आणि ५.०५ सेकंदांत झाल्या. पहिल्याची घसरण सुमारे ५.१ टक्के येते आणि दुसऱ्याची सुमारे १.६ टक्के. केवळ टक्केवारी पाहणारा प्रशिक्षक दुसऱ्याला अधिक तंदुरुस्त ठरवील. पण सहाव्या धावेतही पहिला मुलगाच पुढे आहे. जो जास्त वर चढतो तो जास्त खाली येऊ शकतो, आणि जो सुरुवातीपासून राखून धावतो त्याची घसरण दिसतच नाही. म्हणून सरासरी वेळ आधी पाहावी. घसरणीचा आकडा एका चाचणीतून दुसऱ्या चाचणीत बराच डगमगतो आणि मुलांमुलांची तुलना करण्यासाठी तो एकटा वापरू नये.

राखून धावण्यावर एक उपाय आहे. चाचणीच्या आधी पुरेशा विश्रांतीने एकच धाव घेऊन तिची वेळ नोंदवावी आणि चाचणीतील पहिली धाव त्या वेळेच्या जवळ नसेल तर मुलाला पाच मिनिटे बसवून पुन्हा सुरुवात करावी.

हातातल्या स्टॉपवॉचवर विसंबू नये, कारण येथे एक-दशांश सेकंदाच्या फरकाची चर्चा चालू आहे आणि अंगठ्याची चूक त्याहून मोठी असते. मोबाईल तिवईवर स्थिर ठेवून चित्रण केले, तर सेकंदाला ६० चित्रांच्या नोंदीत एका चित्राचे अंतर सुमारे ०.०१७ सेकंद पडते. शाळेच्या संघासाठी एवढी अचूकता पुरेशी आहे.

ओव्हल_सकाळ

ऑक्टोबरमधल्या मुंबईचा विचार या सगळ्या आकड्यांत झाला पाहिजे. हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि शरीर थंड होत नाही. कृत्रिम टर्फ तर दुपारी हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. स्नायू किंचित तापलेले असतील तर एखादी धाव उलट चांगली होते, पण शरीराचे आतले तापमान चढले की वारंवार धावण्याची क्षमता कोसळते. त्या महिन्यात मी सेटची (सलग घेतलेल्या धावांच्या गटांची) संख्या घटवतो, दोन सेटमधील वेळ सावलीत घालवतो आणि पाणी मागण्याची वाट न पाहता देतो.

आझाद_विंग

वरील प्रतिसादांनंतर माझे मत काहीसे बदलले आहे, विशेषतः वेगवान मुलगाच आधी ढेपाळतो या मुद्द्याने. आमच्या संघातला सर्वांत जलद मुलगा सरावात नेहमी बोलणी खात असे, तो आठवला. तरी लागोपाठच्या धावांचा थोडा सराव हवाच, हे आपणही मान्य केले आहे. मग तो कोणत्या वयापासून, किती आणि कसा घ्यावा? दुसरे, त्या वीस सेकंदांत मुलांनी हळूहळू धावत राहावे की उभे राहावे? आमचे सर उभे राहू देत नसत.

परळ_मैदान

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. विश्रांती वीस-तीस सेकंदांची असेल तर उभे राहणे किंवा सावकाश चालणे अधिक चांगले, असे बहुतेक अभ्यासांतून दिसते. हळू धावत ठेवले तर जो प्राणवायू फॉस्फोक्रिएटिन भरण्यासाठी लागायचा, तो त्या धावण्यातच खर्च होतो आणि पुढची धाव अधिक मंद होते. सराव संपल्यावर हळू धावून शरीर निवू देणे ही वेगळी बाब आहे.

वयाबद्दल माझी पद्धत अशी आहे. उंची वाढण्याचा वेगवान काळ ज्यांचा अजून यायचा आहे, त्यांच्याकडून मी मोजून-मापून लागोपाठच्या धावा घेतच नाही. पकडापकडी, रिले आणि तीन विरुद्ध तीनचे छोटे सामने यांतून ते आपोआप होते आणि ती मुले आपली विश्रांती खेळातच घेतात. ज्यांचा तो काळ चालू आहे, त्यांना वीस मीटरच्या पाच-सहा धावा, प्रत्येकीनंतर किमान एक मिनिट. त्यांची उंची दर तीन महिन्यांनी भिंतीवर मोजून वहीत लिहितो आणि ती झपाट्याने वाढताना दिसली की धावांची संख्या कमी करतो. ज्यांची वाढ बऱ्यापैकी पार पडली आहे, अशा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा वीस ते तीस मीटरच्या सहा धावा, मध्ये वीस-पंचवीस सेकंद, असे दोन सेट आणि दोन सेटच्या मध्ये चार मिनिटे. हे आकडे म्हणजे नियम नव्हेत. धाव डोळ्यांना जड दिसू लागली तर सेट तिथेच थांबवावा.

आता टर्फच्या तासाचा हिशेब, कारण खरी अडचण तिथे आहे. सोळा मुलांच्या आठ-आठच्या दोन रांगा केल्या आणि दर आठ सेकंदांनी प्रत्येक रांगेतून एक मूल सोडले, तर प्रत्येकाची पाळी ६४ सेकंदांनी येते. धाव साडेतीन-चार सेकंदांची, म्हणजे साठ सेकंदांची विश्रांती कोणालाही रिकामे न बसवता मिळते. सहा धावांना सात मिनिटेही लागत नाहीत. दोन सेट आणि मधली तीन मिनिटे धरून सतरा मिनिटांच्या आत काम संपते आणि त्रेचाळीस मिनिटे चेंडूसाठी उरतात. ज्या वाढलेल्या मुलांना दीड मिनिट हवे, त्यांनी एक पाळी सोडून बाजूला भिंतीवर सावकाश पास खेळावेत. पालकांना हे गणित एकदा कागदावर दाखवले तर ते समजून घेतात, असा माझा अनुभव आहे. जाळीबाहेरून ओरडणारे एक काका आता स्वतः घड्याळ घेऊन शिट्टीची वेळ सांभाळतात.

माहीमची_आई

सर, रांगेचा हा हिशेब आमच्या प्रशिक्षकांना दाखवते. मुलीचे शनिवारी सामने असतात. मग हा धावांचा सराव कोणत्या दिवशी असावा आणि चाचणी किती वेळा घ्यावी?

परळ_मैदान

ताई, शनिवारी सामना असेल तर वेगाच्या धावा मंगळवारी किंवा बुधवारी घ्याव्यात, त्याही वॉर्मअपनंतर लगेच, म्हणजे पाय ताजे असताना. गुरुवारी चेंडूचे काम आणि शुक्रवारी हलका सराव किंवा सुट्टी. चाचणी सहा-आठ आठवड्यांतून एकदा पुरेशी आहे आणि ती सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कधीही घेऊ नये. मुलीला तिची वेळ तिच्याच मागच्या वेळेशी ताडून पाहू द्यावी, भावाच्या नव्हे.